कहवा आणि आरोग्य : मक्केच्या सभेपासून टिळकवाडीपर्यंत

प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मार्च महिन्यातील परीक्षेच्या वेळी एक विद्यार्थिनी पेपर लिहिता लिहिता बाकावरच कोसळली. पाणी शिंपडून तिला शुद्धीवर आणले, तेव्हा असे कळले की ती सलग तीन रात्री जागली होती, पोटात धड अन्न नव्हते आणि थर्मासभर कॉफीवर तिने अभ्यास रेटला होता. स्टाफरूममध्ये त्या दिवशी कॉफीवर मोठा खल झाला. कोणी म्हणाले, 'कॉफी म्हणजे विषच.' कोणी म्हणाले, 'आमचे आजोबा नव्वद वर्षे जगले, रोज दोन पेले डिकॉक्शन घेत.' दुसऱ्या दिवशी तीच मुलगी आली आणि तिने सरळ विचारले, "सर, कॉफी वाईट असते का?"

प्रस्तुत लेखक भाषेचा अध्यापक आहे, वैद्यकाचा नाही. तेव्हा त्या वेळी उत्तर देता आले नाही. मात्र उर्दू, फारसी व अरबी साधनांशी थोडाफार परिचय असल्याने एक गोष्ट लक्षात आली. हा प्रश्न टिळकवाडीच्या स्टाफरूममध्ये प्रथम उपस्थित झालेला नाही. तो सन 1511 मध्ये मक्का शहरात रीतसर सभा भरवून विचारला गेला होता आणि त्या सभेत हकिमांची साक्षही झाली होती. त्यानंतर पाच शतके हा वाद चालू आहे. या वादाचा इतिहास पाहिल्यास कॉफीविषयी तर समजतेच, परंतु आरोग्याविषयीचे मत समाजात कसे तयार होते हेही समजते. सदर लेखात त्याचा आढावा घेण्याचा प्रयत्न आहे.

बेळगावकरांना हा विषय परका नाही. आपला हा सीमाभाग भाषेच्या बाबतीत जसा मराठी-कन्नड-दख्खनीचा संगम आहे, तसाच तो चहा आणि कॉफीचाही संगम आहे. कोल्हापूरकडून आलेला पाहुणा चहा मागतो, म्हैसूरकडून आलेला कॉफी. आपण दोन्ही पितो आणि दोहोंबद्दल तक्रारही करतो.

नावाची कथा

कॉफीच्या दाण्याला अरबीत 'बुन्न' म्हणतात. जुन्या मराठीत याच दाण्याला 'बुंद' किंवा 'बुंददाणा' असे म्हटले जाई. म्हणजे इंग्रजी 'कॉफी' शब्द रुळण्यापूर्वी अरबी वळणाचा शब्द आपल्या भाषेत येऊन बसला होता. अरबस्तानाशी असलेल्या पश्चिम किनाऱ्याच्या व्यापाराची ही एक खूण मानावी लागेल.

पेयाला अरबीत 'कहवा' म्हणतात. या शब्दाची एक अडचण होती. जुन्या अरबी काव्यात 'कहवा' हे मद्याचेही एक नाव होते. भूक मंद करणारे ते कहवा, अशी त्याची व्युत्पत्ती कोशकार देतात. नव्या पेयाला हेच नाव मिळाल्याने त्याच्याकडे आरंभापासून संशयाने पाहिले गेले. एखाद्या वस्तूबद्दलचे मत तिच्या गुणांवरून ठरण्याआधी तिच्या नावावरून ठरते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

येमेनचे सूफी आणि रात्रीचे जागरण

कॉफी पिण्याची विश्वसनीय नोंद पंधराव्या शतकातील येमेनपासून मिळते. या विषयावरील सर्वांत महत्त्वाचा अरबी ग्रंथ अब्दुल कादिर अल्-जझीरी यांनी सन 1558 च्या सुमारास लिहिला. त्यांनी पूर्वीच्या लेखकांच्या आधारे असे नोंदवले आहे की, एडनचे मुफ्ती जमालुद्दीन अझ्-झबहानी यांनी हे पेय सूफी मंडळींत रूढ केले. मोखा बंदरात मात्र याचे श्रेय शाझिली परंपरेतील अली इब्न उमर या सत्पुरुषांना दिले जाते.

सूफींना कॉफी हवी होती ती चवीसाठी नव्हे. रात्रीच्या जिक्रमध्ये झोप येऊ नये, एवढाच उद्देश होता. सोमवार व शुक्रवारच्या रात्री लाल मातीच्या मोठ्या भांड्यात कहवा ठेवीत, प्रमुख व्यक्ती लहान वाटीने तो काढून उजव्या हाताच्या क्रमाने सर्वांना देई, असे वर्णन जझीरींच्या ग्रंथात आले आहे. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, कॉफीचा पहिला ज्ञात उपयोग हा जागरणासाठी, म्हणजे शरीरावर होणाऱ्या परिणामासाठीच होता. दोन, त्या उपयोगाला मर्यादा होती. आठवड्यातील ठरावीक रात्री, ठरावीक माप आणि ते देणारा एक जबाबदार माणूस. आपल्या विद्यार्थिनीच्या थर्मासला ही तिन्ही बंधने नव्हती.

मक्केची सभा : सन 1511

मक्केत त्या वेळी मम्लूक सुलतानाच्या वतीने खैर बेग हा मुहतसिब होता. बाजार आणि सार्वजनिक वर्तन यांवर देखरेख करणारा हा अधिकारी. एका रात्री मशिदीच्या परिसरात काही लोक दिव्याच्या उजेडात काहीतरी पीत बसलेले त्याला दिसले. चौकशी केल्यावर ती कॉफी असल्याचे कळले. दुसऱ्या दिवशी त्याने फकिहांची सभा बोलावली.

धर्मशास्त्रज्ञांपुढील प्रश्न नाजूक होता. जी वस्तू मुळात वनस्पतिजन्य आहे ती निषिद्ध ठरवायची तर ती नशा आणते किंवा शरीराला अपाय करते, हे सिद्ध व्हावे लागते. म्हणून निर्णय वैद्यांच्या साक्षीवर येऊन ठेपला. दोन हकीम बंधू पुढे आले. त्यांनी कॉफीचा मिजाज 'थंड व कोरडा' असून ती समतोल प्रकृतीला घातक असल्याचे सांगितले. उपस्थितांपैकी कोणी जुन्या ग्रंथांचा दाखला देऊन ती उष्ण असल्याचे म्हटले, तो आक्षेप त्यांनी फेटाळला. काही जणांनी तर कॉफी पिऊन आपली बुद्धी चळल्याचीही साक्ष दिली. कॉफीवर बंदी आली, साठे जाळण्यात आले.

पुढे काहिराहून सुलतानाचे फर्मान आले ते सौम्य होते. त्यात कॉफीच्या निमित्ताने होणाऱ्या बैठकांना मनाई होती, पेयाला सरसकट नव्हती. पुढच्याच वर्षी खैर बेगची जागा दुसऱ्याने घेतली आणि मक्केत कॉफी पूर्ववत सुरू झाली.

या प्रसंगाचा अभ्यास करताना एक बाब खटकते. सभेत कोणीही असे विचारले नाही की, कॉफी पिणारी इतकी माणसे येमेनमध्ये आहेत, त्यांची प्रकृती कशी आहे? किती प्यायल्याने काय होते? वाद झाला तो ग्रंथातील वर्गवारीवर. उष्ण की थंड, एवढाच मुद्दा राहिला. शिवाय मूळ चिंता आरोग्याची नव्हतीच. लोक रात्री एकत्र बसतात, बोलतात, ही सत्तेची चिंता होती. वैद्यकाला त्या चिंतेसाठी साक्षीला उभे केले गेले. इस्तंबूलमध्ये सन 1633 मध्ये सुलतान मुराद चौथा याने कहवाखाने बंद केले आणि तंबाखूवरही बंदी घातली, तेव्हाही हेच घडले. कॉफी आणि तंबाखू या दोन वस्तू तेव्हापासून लोकांच्या मनात जोडीने राहिल्या. या जोडीचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

दाऊद अंताकी यांचा समतोल

सर्वच हकीम मक्केच्या सभेतील बंधूंसारखे नव्हते. सन 1599 मध्ये निधन पावलेले दाऊद अल्-अंताकी हे सोळाव्या शतकातील थोर अरबी वैद्य. ते दृष्टिहीन होते, तरी त्यांचा 'तजकिरा' हा औषधिग्रंथ युनानी परंपरेत आजही आदराने पाहिला जातो. कॉफीचे फायदे आणि तोटे त्यांनी एकाच नोंदीत शेजारी शेजारी मांडले. कफ, खोकला व पडसे यांवर ती उपयोगी, लघवी साफ करणारी. त्याचबरोबर डोकेदुखी, निद्रानाश, कृशता आणि कधी कधी उदासी आणणारी. उत्साहासाठी ज्याला ती प्यायचीच असेल त्याने सोबत गोड पदार्थ, पिस्त्याचे तेल व लोणी घ्यावे, असा सल्लाही त्यांनी दिला.

त्यांचे एक मत मात्र वाचताना हसू येते. कॉफीत दूध घालणे ही चूक असून त्यामुळे कोड किंवा कुष्ठासारखा विकार होण्याचा धोका असतो, असे त्यांनी लिहिले आहे. आज कर्नाटकात घरोघर दुधाचीच कॉफी होते आणि या भीतीला कोणताही आधार मिळालेला नाही. निरीक्षणावर आधारलेला भाग, म्हणजे निद्रानाश व अस्वस्थता, चारशे वर्षांनंतरही टिकला. तर्कावर आधारलेला भाग गळून पडला. अंताकींची थोरवी यामुळे कमी होत नाही. उलट कोणत्या प्रकारचे ज्ञान टिकते, हे त्यांच्याच नोंदीवरून शिकता येते.

हिंदुस्थानात आगमन

सर टॉमस रो या इंग्रज वकिलाबरोबर जहांगीरच्या काळात आलेला पाद्री एडवर्ड टेरी याने आपल्या प्रवासवृत्तात कॉफीची नोंद केली आहे. धर्माचरणात काटेकोर असलेले, मद्य न घेणारे लोक काळ्या बियांचे पाणी उकळून पितात. ते चवीपेक्षा गुणाला अधिक चांगले असून पचनाला, मनाच्या उल्हासाला आणि रक्तशुद्धीला उपयोगी पडते, असे त्याने लिहिले. मक्केत जिला मद्याची बहीण ठरवले गेले, ती हिंदुस्थानात मद्य टाळणाऱ्यांचे पेय म्हणून ओळखली गेली, ही गोष्ट लक्षणीय आहे. अठराव्या शतकात नवाब दर्गाह कुली खान हे दख्खनचे सरदार निजामुल्मुल्क आसफजाह यांच्याबरोबर दिल्लीस गेले. त्यांच्या 'मुरक्का-ए-देहली' या फारसी वृत्तात चांदणी चौकातील कहवाखान्यांचा उल्लेख आहे. तेथे शायर मंडळी जमत. उर्दू काव्याच्या जडणघडणीत या बैठकांचा वाटा होता.

आपल्या कर्नाटकात कॉफीचे नाव निघाले की बाबा बुडन यांचे स्मरण होते. हजयात्रेहून परतताना मोखाहून त्यांनी कॉफीचे सात दाणे आणले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावले, अशी परंपरागत कथा आहे. कथेतील तपशील कागदोपत्री सिद्ध करता येत नाहीत, परंतु त्या डोंगररांगेला त्यांचे नाव आहे आणि भारतीय कॉफीची लागवड त्याच परिसरातून वाढली, याविषयी दुमत नाही. याच स्थानी दत्तात्रेयांची गुहा मानली जाते आणि हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांचे भाविक तेथे पूर्वापार जात आले. स्थानाच्या व्यवस्थेवरून अलीकडील दशकांत वाद झाले आणि ते न्यायालयापर्यंत गेले, हेही खरे. नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या निपाणीकरांना आणि मलंगवेशातील दत्ताची कथा ऐकून वाढलेल्या मराठी माणसाला या जुन्या सहवासाचे नवल वाटू नये. आज देशातील सुमारे 70 टक्के कॉफी कर्नाटकात पिकते.

टिळकवाडी, 1924 : गांधीजींचे मत

डिसेंबर 1924 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन बेळगावात भरले. महात्मा गांधी अध्यक्ष झाले ते या एकाच अधिवेशनाचे. त्याची जागा म्हणजे आजचा टिळकवाडीचा परिसर. तेथील वीरसौध आणि अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर या दोन खुणा आजही आहेत. 2024 मध्ये या अधिवेशनाला शंभर वर्षे पूर्ण झाली.

गांधीजींचे चहा-कॉफीविषयीचे मत प्रतिकूल होते. दक्षिण आफ्रिकेतील वास्तव्यात लिहिलेल्या आरोग्यविषयक लेखमालेत त्यांनी चहा, कॉफी व कोको या तिन्हींना विरोध केला आणि गहू भाजून, दळून त्याची 'कॉफी' करण्याची कृतीही दिली. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना 1942 मध्ये त्यांनी आरोग्यावर पुन्हा लिहिले. तेथेही शरीराला या पेयांची गरज नाही, हे मत कायम ठेवले.

या मताकडे त्या काळाच्या संदर्भात पाहिले पाहिजे. चहाच्या प्रचारासाठी 1903 मध्ये उपकराचा कायदा झाला होता. कॉफीसाठी तसाच उपकर 1935 मध्ये आला, 1936 मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाऊस निघाले आणि 1942 मध्ये कॉफी बोर्डाचा कायदा झाला. म्हणजे एका बाजूला संयमाचा उपदेश आणि दुसऱ्या बाजूला खप वाढवण्याची यंत्रणा, अशा दोन शक्ती एकाच वेळी काम करीत होत्या. मक्केत सत्तेने कॉफीविरुद्ध वैद्यकाची साक्ष काढली. विसाव्या शतकात बाजाराने तिच्या बाजूने प्रचार केला. सामान्य माणसाला नेमके माप कोणीच सांगितले नाही.

आजचे संशोधन काय सांगते

कॉफीतील मुख्य द्रव्य कॅफिन. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे यांनी ते 1819 मध्ये वेगळे काढले. मेंदूत दिवसभर अडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्यामुळे झोप येते. कॅफिन त्या द्रव्याची जागा अडवते. म्हणजे थकवा नाहीसा होत नाही, थकव्याचा निरोप पोहोचत नाही इतकेच. शरीरातील निम्मे कॅफिन जाण्यास साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला घेतलेल्या कॉफीचा अर्धा अंश पहाटे दोनला शरीरात असतो. गर्भवतीच्या शरीरात तो बराच जास्त वेळ राहतो, तर धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातून लवकर जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1991 मध्ये कॉफीला मूत्राशयाच्या कर्करोगाचे संभाव्य कारण मानले होते. 2016 मध्ये पुनर्विचार होऊन तिला त्या यादीतून काढले गेले. जुन्या पाहण्यांत कॉफी पिणारे अनेक जण धूम्रपानही करीत आणि तंबाखूचा दोष पूर्णपणे वेगळा काढला गेला नव्हता, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण होते. मुराद चौथ्याच्या बंदीत एकत्र आलेली जोडी येथेही एकत्र होती आणि एकीचा गुन्हा दुसरीच्या माथी बसला होता. त्याच वेळी संस्थेने असेही सांगितले की 65 अंश सेल्सियसहून अधिक तापमानाचे कोणतेही पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाचे बहुधा कारण ठरू शकते. वाफाळता चहा घटाघटा पिणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

2017 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत आढाव्यात रोज तीन ते चार कप कॉफी पिणाऱ्यांत एकूण मृत्युदर आणि हृदयविकार यांचे प्रमाण कमी आढळले. यकृताचे विकार आणि मधुमेह यांबाबतही कॉफी पिणारे उजवे ठरले. मात्र ही निरीक्षणे आहेत. कॉफीमुळेच हे घडले असे त्यावरून सिद्ध होत नाही. गर्भारपणात आणि स्त्रियांच्या अस्थिभंगाच्या बाबतीत त्याच आढाव्यात धोक्याचा इशाराही आहे.  आपल्या पेल्यातील दोन चमचे साखर त्या हिशेबात धरलेली नाही.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत माप दिले आहे. 150 मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत 80 ते 120 मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत 50 ते 65 आणि चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन असते. दिवसाची मर्यादा 300 मिलिग्रॅम. जेवणाआधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असेही त्यात म्हटले आहे.

आपल्या भागाचा प्रश्न

ही शेवटची सूचना सीमाभागासाठी विशेष महत्त्वाची वाटते. निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ. विडी वळणाऱ्या हजारो स्त्रियांनी या गावाचा संसार उभा केला. भाकरी-भाजी खाऊन लगेच कोरा चहा घ्यायचा आणि सूप पुन्हा मांडीवर घ्यायचे, हा कष्टकरी घरांतला नित्यक्रम. अमेरिकेत 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जेवणासोबत कॉफी घेतल्यास त्या अन्नातील लोहाचे शोषण 39 टक्क्यांनी आणि चहा घेतल्यास 64 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने मात्र काही फरक पडला नाही. तासाभराने नंतर घेतली तरी घट तेवढीच राहिली. ज्या बायकांच्या रक्तात मुळातच लोह कमी, त्यांनी चहा सोडावा असे सांगणे सोपे असले तरी तो त्यांचा एकमेव विसावा आहे. तो जेवणापासून दूर सरकवावा, हे सांगणे अधिक उपयोगाचे आणि पाळण्यासारखे आहे.

दुसरी बाब तंबाखू सोडणाऱ्यांची. धूम्रपान बंद केल्यावर कॅफिन शरीरात जास्त वेळ राहते. तेवढीच कॉफी मग धडधड व निद्रानाश आणते आणि माणसाला वाटते की बिडी सोडल्यामुळेच प्रकृती बिघडली. अशा वेळी कॉफी निम्मी करावी.

तिसरी बाब रमजानची. पहिल्या दोन-तीन रोज्यांत दुपारनंतर डोके ठणकते, त्याचे खापर उपवासावर फुटते. पुष्कळदा ते कॅफिन अचानक तुटल्याचे लक्षण असते. शाबान महिन्यापासूनच एकेक कप कमी करीत गेल्यास हा त्रास बराच टळतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, 'कॉफी चांगली की वाईट' हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडला गेला आहे. मक्केच्या सभेने तो तसा मांडला आणि निर्णय वर्षभरही टिकला नाही. येमेनच्या सूफींनी केव्हा आणि किती हे ठरवले होते. अंताकींनी कोणाला आणि कशासोबत हे विचारले होते. आजचे संशोधनही फिरून त्याच चार प्रश्नांपाशी येते : कोणाला, किती, केव्हा आणि कशासोबत.

त्या विद्यार्थिनीला पुढे एवढेच सांगितले की, कॉफीने तुला पाडले नाही. झोप आणि जेवण यांची जागा तू कॉफीला दिलीस, त्याने पाडले. सकाळी नाश्त्याआधी एक पेला घे, दुपारनंतर नको आणि रात्री अकराला दिवा मालव. ती आता स्वतः एका शाळेत शिकवते. मध्यंतरी टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे गेटपाशी भेटली. गेट पडले होते, म्हणून दोघे शेजारच्या हॉटेलात बसलो. संध्याकाळचे सहा वाजले होते. वेटर आला तेव्हा तिने माझ्यासाठी कॉफी सांगितली आणि स्वतःसाठी गरम दूध.